पाच फोटो, चार हार

सावळीराम नानांना आयुष्यात दोनच गोष्टी नीट जमल्या होत्या. एक, पुस्तकाला खाकी कव्हर घालणं, आणि दुसरी, स्वतःवर शंका घेणं. जिल्हा परिषदेतली कारकुनी संपली, बायको गेली, मुलगी लग्न होऊन येवल्याला गेली, आणि मग देवळाली कॅम्पच्या पलीकडच्या पळसवाडीतलं सार्वजनिक वाचनालय हाच त्यांचा संसार होऊन बसला. चौदाशे बारा पुस्तकं, प्रत्येकाच्या पाठीवर नंबर. कपाटांना नंबर, खुर्च्यांना नंबर, भिंतीवरच्या घड्याळालाही नंबर. गावात थट्टा होती, की नाना दुपारी वाचनालयात आडवे झाले तर उठताना स्वतःच्या पाठीवरही नंबर चिकटवून उठतील.

१९९९च्या जुलैत वाचनालयाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. झुंबरआप्पा हे गावचे माजी सरपंच आणि वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनी टूम काढली, की नाना वीस वर्षं वह्यांत जे टिपून ठेवताहेत ते एकदाचं भिंतीवर लावावं. प्रदर्शनाचं नावही त्यांनीच ठरवलं, ‘लढायांनी घडवलेला देश, लढायांनी घडवलेलं गाव’. नाव आप्पांचं असलं तरी विचार नानांचाच होता. चावडीच्या भिंतीत बसवलेल्या जुन्या संगमरवरी पाटीवरून तो त्यांना सुचला होता. १९१४च्या लढाईवर या गावातून सव्वीस माणसं गेली, तीन परत आली नाहीत, एवढाच मजकूर त्या पाटीवर आहे. त्यानंतर सरकारनं खूश होऊन गावाला शाळेची पहिली खोली दिली. दुसऱ्या महायुद्धात कॅम्प फुगला. डांबरी सडक आली, नळ आला, गावचं दूध आणि भाजी गोऱ्यांच्या पलटणींना जाऊ लागली. फाळणी झाली तशी तोफखान्याची शाळा देवळालीला आली आणि रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित उतरले. चीनच्या लढाईनंतर ओझरला विमानांचा कारखाना निघाला, गावची अकरा पोरं तिथं चिकटली. पासष्टनंतर नवं बियाणं आलं. एकाहत्तरात निर्वासितांसाठी पाच पैशांचं तिकीट निघालं, तेव्हा देशभरातल्या पाकिटांवर नाशिकच्या छापखान्यातून निघालेला तो चिटोरा चिकटला होता.

एके काळी हे सांगताना नानांचा आवाज चढायचा. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा हा माणूस लढाया म्हटलं की वेगळाच व्हायचा. आणि ऐकणारा ठरलेला असायचा. मनोज, त्यांच्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. भागीबाईचा नवरा लवकर गेला, ती लेकराला घेऊन माहेरी आली. शाळा सुटली की मनोज वाचनालयात, खिडकीजवळच्या सात नंबरच्या खुर्चीत. बारावी झाल्यावर तो म्हणाला, “मामा, मी भरतीला जातो.” नानांनी अर्ज स्वतः भरला, वळणदार अक्षरात. वर सल्लाही दिला. “तोफखान्यात जा. तोफ लांबून मारतात. पायदळासारखं नाही. केंद्रही आपल्या नाशिकरोडलाच.”

तोफ लांबून मारतात. समोरच्याची तोफही लांबूनच मारते, हे त्यांना तेव्हा सुचलं नव्हतं, किंवा सुचलं असूनही ते गप्प बसले होते. आता नक्की काय झालं होतं ते त्यांना आठवेना. कारगिलची लढाई पेटली तसा मनोज वर गेला. त्याचं शेवटचं पत्र सतरा जूनला आलं, त्यावर तारीख नऊची होती. त्यानंतर काही नाही.

तीन जुलैला आप्पा वाचनालयात आले, छत्री झटकून कोपऱ्यात टेकवली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “सगळं झकास हाय नाना. पन आजची लढाई कुठं हाय? मनोजचा फोटू लावा की. त्याच्याबिगर हे म्हंजे मीठ नसलेली आमटी.”

“नको आप्पा. भागीची मनःस्थिती...”

“अहो मनःस्थिती काय! पोरगं देशासाठी लढतंय. आईला बरंच वाटंल.”

नानांना नाही म्हणता येत नसे. ते ‘बघतो’ म्हणाले. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की नानांचं ‘बघतो’ म्हणजे होच.

भागीबाई भाताच्या आवणीवरून नुकतीच आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, पाय धुवायचे तसेच राहिलेले. नाना ओट्यावर बसले आणि बराच वेळ पावसाबद्दल बोलले.

“दादा, पावसाचं सांगायला तू एवढ्या चिखलातून नाय आला,” ती म्हणाली. “काय हाय ते बोल. पेपरात काय आलं का?”

“नाही गं, तसं काही नाही.” त्यांनी घाईघाईनं प्रदर्शनाचं सांगितलं, फोटोचं सांगितलं.

ती आत गेली. भिंतीवरून फ्रेम काढून, पदरानं काच पुसून बाहेर आली. मनोजचा गणवेशातला तेवढा एकच फोटो होता, शपथेच्या परेडनंतर नाशिकरोडच्या स्टुडिओत काढलेला. टोपी जरा मोठी, कान बाहेर आलेले.

“मागं तू सगळं सांगितलेलं मला. शाळा लढाईनं आली, नळ लढाईनं आला, कारखाना लढाईनं आला,” ती फोटोकडे बघत म्हणाली. “आलेलं सगळं लिवलंस, दादा. गेलेलं?”

“तेही आहे. तीन नावं पाटीवरची, आणि नंतरचे चौघं. त्यांचे फोटो आहेत.”

“त्यांना हार घालनार?”

“घालतातच.”

“मग माझ्या पोराला त्यांच्या रांगेत लावायचं नाय. त्यांच्या शेजारीबी नाय. जित्याचं जित्यात राहू दे.”

“वेगळा लावीन. दाराजवळ, उजेडात.”

“शब्द?”

“शब्द.”

तिनं फ्रेम हातात दिली, पण लगेच सोडली नाही. दोघांनी ती क्षणभर धरून ठेवली होती.

वाचनालयात आल्यावर नानांनी सवयीनं फ्रेमच्या पाठीमागे चिठ्ठी चिकटवली. आधीच्या चार फोटोंवर एक ते चार नंबर होतेच. या चिठ्ठीवर लिहिलं, ‘फोटो क्र. ५, मालक भागीबाई, परत करण्याच्या बोलीवर’. वस्तू दुसऱ्याची, ती हरवू नये म्हणून. नंबर घातला की वस्तू सुरक्षित राहते, असा त्यांचा तीस वर्षांचा विश्वास होता. मग रजिस्टरातही नोंद केली.

गुरुवारी शाळेच्या उज्ज्वलाबाईंनी निरोप पाठवला, मुली हार करणार आहेत, फोटो किती ते कळवा. नानांनी रजिस्टर उघडलं, शेवटचा नंबर बघितला आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, पाच.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं लावून झालं. दक्षिणेच्या भिंतीवर चौघं, ओळीनं. मनोज दाराजवळ एकटा, शेवटच्या तक्त्याशेजारी. त्या तक्त्यावर वर ‘१९९९’ लिहिलं होतं आणि खाली कोरा कागद होता. त्यात काय लिहायचं ते नानांना आठवडाभर सुचलं नव्हतं.

शनिवारी, दहा तारखेला, कार्यक्रम अकराला होता. सकाळी नऊच्या सुमारास नाना खुर्च्या पुसत असताना एसटीडी बूथवाला गोटीराम धापा टाकत आला. त्याचा बूथ वाचनालयापासून चार घरांवर. गावातल्या अर्ध्या फौजींच्या घरांना त्याचाच नंबर दिलेला.

“नाना, जरा बाहेर या.”

नाना बाहेर आले. गोटीरामनं इकडं तिकडं बघितलं. “फोन आलता. मनोजच्या तिकडून.”

“मनोज होता?”

“नाय. दुसराच कोनतरी. हिंदीत बोलला. म्हनला, मनोज के घर से किसी को बुलाओ. म्या म्हनलं, काय झालं? तवर लाईन कटली. पुन्हा करतो म्हनला का काय, नीट कळलं नाय.”

“आवाज कसा होता?”

“आवाज म्हंजे... फौजी मानसाचा असतो तसा. उगा तुमचा जीव कशाला घाबरवू...” गोटीरामनं भागीबाईच्या घराच्या दिशेनं मान वळवली. “आक्काला सांगू?”

“नको. आधी मला ऐकू दे.”

नाना बूथमधल्या लाकडी बाकावर जाऊन बसले. खुर्च्या पुसायचं फडकं हातातच राहिलं होतं. दुसऱ्याच माणसानं फोन करावा, याचा अर्थ काय? मनोज बोलू शकत नाही. का बोलू शकत नाही? एक कारण साधं असेल, त्याला रांगेत उभं राहायला वेळ नसेल. पण मग तो माणूस तसं म्हणाला असता. घरातलं कुणीतरी बोलवा म्हणाला. वाईट बातमी बूथवाल्याला सांगत नाहीत, घरच्यालाच सांगतात. पण वाईट बातमीला सरकारी तार येते, माणूस येतो, फोन येत नाही. येत नाही ना? हे कुठल्या पुस्तकात होतं? नानांना चौदाशे बारा पुस्तकांपैकी एकही आठवेना.

साडेनऊला टेकडीवर लाल बावटा चढला. म्हणजे तोफखान्याचा सराव. बावटा दिसला की गुरं त्या बाजूला न्यायची नाहीत, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. थोड्या वेळानं पहिला धमाका झाला आणि बूथची काच थरथरली. हे आवाज नानांनी जन्मभर ऐकले होते. लहानपणी आई म्हणायची, तोफा वाजल्या, आता भाकरी टाका. आज प्रत्येक धमाक्याला त्यांचा हात रिसीव्हरकडे जात होता.

दहा वाजता आप्पांचा माणूस येऊन गेला. “नाना, चला. पाव्हणे आले.”

“येतो.”

सव्वादहाला पुन्हा आला. “आप्पा म्हनले, दाराजवळची भिंत गळायला लागली. तिथला फोटू भिजतोय, आतल्या भिंतीवर घेतो म्हनले.”

“घ्या, घ्या,” नाना म्हणाले. त्यांचं लक्ष फोनकडे होतं. कुठला फोटो, कुठली भिंत, हे त्यांच्या कानांवरून गेलं. दाराजवळ फोटो एकच आहे आणि आतल्या भिंतीवर मोकळा खिळा त्या चौघांच्याच रांगेत आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा घड्याळात अकरा वाजून गेले होते. ते ताडकन उठले. बूथच्या दारापर्यंत गेले. त्याच वेळी फोन वाजला.

ते उलटे धावले. मालेगावहून कुणीतरी कांद्याचा भाव विचारत होतं.

“राँग नंबर,” गोटीरामनं फोन ठेवला. नानांना आता जावं की थांबावं कळेना. गेलो आणि तो फोन आला तर? थांबलो आणि भागी तिथं पोचली तर? ते दारात एक पाय आत, एक पाय बाहेर असे उभे राहिले. असे ते आयुष्यात बऱ्याच वेळा उभे राहिले होते.

भागीबाई रस्त्यानं येताना दिसली. डोक्यावरून पदर घेतलेला, भिजलेला. पदराखाली छातीशी फ्रेम. दुसऱ्या हातात झेंडूचा हार. ती धावत नव्हती. धावली असती तर नानांना बरं वाटलं असतं.

ती बूथमध्ये आली आणि हार बाकावर ठेवला.

“हे काय, दादा?”

“भिंत गळत होती म्हणून आत घेतला. मी इथं होतो, मला...”

“भिंत गळत व्हती म्हनून हार घातला?”

“नाही. हाराचं माझंच चुकलं.” त्यांनी खाली बघितलं. “बाईंनी विचारलं, फोटो किती. मी रजिस्टर बघितलं. पाच लिहून दिलं. पाचांना पाच हार झाले.”

“तू मोजलास त्याला?”

“तुझी वस्तू हरवू नये म्हणून नंबर घातला होता.”

मागून झुंबरआप्पा छत्री न घेताच आले होते, टोपी भिजली होती. “आक्का, चूक झाली, मान्य. पन मनाला लावून नका घेऊ. अहो, जित्या मानसाला असं काय झालं तर आयुष्य वाढतं त्याचं. आपल्यात म्हनतातच.”

“मग तुमचा फोटू लावा, आप्पा,” भागीबाई म्हणाली. “हार हाय इथं. तुमचंबी वाढू द्या.”

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली आणि दाराशीच थांबले.

तिनं मग बूथकडे बघितलं. फोनकडे, गोटीरामकडे, नानांच्या हातातल्या फडक्याकडे. “तू हितं काय करतोस? कार्यक्रम सोडून?”

नानांनी सांगितलं. दुसऱ्याच माणसाचा आवाज, हिंदी, लाईन कटली, सगळं.

“कवा आलता फोन?”

“नऊला.”

“आन् आता किती वाजले?”

“साडेअकरा होतील.”

“अडीच तास,” ती म्हणाली. “अडीच तास तू येकटा घेऊन बसलास हे. मला नाय सांगितलंस.” ती बाकावर बसली, फ्रेम मांडीवर उताणी ठेवून. “सरक.”

नाना सरकले. तोफा चालूच होत्या. भागीबाई प्रत्येक धमाक्याला डोळे मिटत होती आणि उघडत होती. नानांना वाटलं, सांगून टाकावं, अर्ज मी भरला, तोफखाना मी सांगितला, लहानपणापासून लढायांची गोडी मीच लावली. पण हे सगळं तिला माहीतच होतं. ती सांगायची गोष्ट नव्हती, दोघांच्या मध्ये बाकावर बसलेली होती.

पावणेबाराला फोन वाजला.

गोटीरामनं उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर नानांपुढे धरला. नानांनी भागीबाईकडे बघितलं. “मला हिंदी नाय समजत,” ती म्हणाली. “तू घे. पन मला तुझं तोंड दिसू दे.”

त्यांनी तिच्याकडे तोंड केलं आणि रिसीव्हर कानाला लावला.

“आप मनोज के मामाजी? मनोज ज़िंदा है, मामाजी. पहले ये सुन लीजिए.”

नानांनी नुसती मान हलवली, बहिणीकडे बघून, दोनदा. भागीबाईच्या ओठांतून एक आवाज निघाला, तो रडण्याचा नव्हता, हसण्याचाही नव्हता.

पलीकडचा माणूस घाईघाईनं सांगत होता. तो मनोजच्याच तोफेवरचा साथी होता. एकवीस जूनला त्यांच्या तोफेजवळ गोळा पडला. दोघं गेले. मनोजचा उजवा हात मोडला, प्लास्टर आहे, म्हणून पत्र नाही. श्रीनगरच्या दवाखान्यात आहे. आणि कानांनी ऐकू येत नाही.

“बिलकुल?” नानांनी विचारलं.

“अभी तो बिलकुल. डॉक्टर बोलते हैं, देखेंगे. वो माँ से बात करना चाहता है. सुन नहीं पाएगा, बस बोलेगा. माँजी को बोलिए, सिर्फ सुनें.”

नानांनी भागीबाईला सांगितलं आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. तो त्यांनीच धरून ठेवला, कारण तिचे हात फ्रेमवर होते. आवाज मोठा होता, जरुरीपेक्षा मोठा. ज्याला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही तो असाच बोलतो. बूथमधल्या सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“आई, मी बोलतोय. तू काय बोलशील ते मला कळनार नाय, म्हनून उगा बोलू नको. रडू बी नको. रडलीस तरी मला काय कळायचं नाय, तुझं पानी वाया जाईल.” तो हसल्यासारखा आवाज आला. “हात बरा होतोय. जेवतो मी. मित्र भरवतो. आई, मामाला एक सांग. वाचनालयात मी खिडकीजवळ बसायचो ना, तसंच हाय हितं. ‘शांतता राखा’ची पाटी लावल्यावानी. दिवसभर. रात्रीबी. कोन काय बोलतंय ते तोंडावरून बघायचं. मामाला विचार, याच्यावर काय पुस्तक असतं का...”

लाईन कटली.

भागीबाई रिसीव्हर कानाला तसाच लावून बसली. पुढं काही येत नाही हे तिला समजायला वेळ लागला. गोटीरामनं हळूच तो घेतला आणि जागेवर ठेवला.

“हाय!” आप्पांना एकदम जोर आला. “जिता हाय पोरगा! नाना, चला, स्टेजवर जाहीर करू. पाव्हणे बसलेत. शेवटच्या तक्त्यावर लिवा, आपल्या गावचा जखमी वीर...”

“नाही,” नाना म्हणाले.

आप्पा थांबले. गोटीरामही बघायला लागला.

“बघतो म्हनताय ना?”

“नाही म्हणतोय, आप्पा. त्या तक्त्यावर काही लिहायचं नाही. तुम्ही व्हा पुढं. कार्यक्रम करून घ्या. मला आज जमणार नाही.”

आप्पा टोपी घालून निघून गेले. जाताना बाकावरचा हार त्यांनी उचलून नेला. तो ठेवून जायला त्यांनाही बरं वाटलं नसावं.

नानांनी फ्रेम उलटी केली आणि मागची चिठ्ठी नखानं सोडवायला घेतली. गोंद चांगला होता, त्यांनीच खळ शिजवून केलेला. चिठ्ठी निघेना. फाटत फाटत निघाली, पाचाचा आकडा तेवढा पुठ्ठ्यावर चिकटून राहिला. तो त्यांनी थुंकी लावून खरवडला. भागीबाई बघत होती.

“चल, घरी सोडतो तुला,” ते म्हणाले.

दोघं चिखलातून निघाले. वाचनालयातून मुलींच्या स्वागतगीताचा आवाज येत होता. टेकडीवर लाल बावटा होता तिथंच होता. इतक्यात मोठा धमाका झाला. झाडावरचे बगळे उडाले, आणि रस्त्याकडेचं वासरू दाव्याला हिसका देऊन उभं राहिलं.

भागीबाई थांबली. “दादा, हा आवाज त्याला येईल का रे? हितं आल्यावर?”

कुठल्या लढाईनंतर देशात काय आलं, हे नाना सालासकट सांगू शकत होते. डॉक्टर बघू म्हणाले, हेही सांगता आलं असतं.

“मला माहीत नाही, भागे,” ते म्हणाले.

तिनं मान हलवली. फोटो पदराखाली नीट घेतला, आणि पुढचा धमाका होतो का ते ऐकत दोघं तिथंच उभे राहिले.